आर्क विझेपर्यंत

श्रीकांतचं लग्न ठरलं होतं आणि ते एका ब्रेकरवर, म्हणजे वीज तोडणाऱ्या मोठ्या स्विचवर, अडलं होतं. आपण बनवलेला ब्रेकर प्रयोगशाळेत तपासून घ्यायला तो पुण्याहून बंगळूरला आला होता. पास झाला तर कारखान्याच्या इथल्या नव्या शाखेत बदली. नापास झाला तर गपगुमान पुण्याला परत, आणि लग्न लांबणीवर.

गंमत म्हणजे प्रयोगशाळेत मोजमाप करायची वसुमती, त्याचीच होणारी बायको. बंगळूरच्याच चिकपेटेतल्या जुन्या मराठी घरातली. घरचीच परीक्षक, मग कसली काळजी, म्हणून सगळे त्याला चिडवत. श्रीकांतही मनातले मांडे खात होता.

ब्रेकर उघडला की त्याच्या दोन टोकांमध्ये विजेची ज्योत पेटते, तोच आर्क. तो किती झटकन विझतो यावर निकाल. टोकं सुटली की यंत्राने कागदावर काढलेल्या व्होल्टेजच्या रेषेला बारीक उंचवटा येतो. तिथपासून करंट संपेपर्यंत मोजायचं. चाचणी झाल्यावर वसुमती त्या कागदावर भिंग घेऊन वाकली ती वाकलीच. बऱ्याच वेळाने उठून ती कागद घेऊन आत प्रयोगशाळेच्या साहेबांकडे जाऊन आली, आणि तिने शांतपणे सांगितलं, की वेळ मर्यादेपेक्षा जास्त भरतो.

श्रीकांतचं डोकंच फिरलं. तो उंचवटा म्हणजे नुसती थरथर, खरी सुरुवात पुढे आहे, असं तो तावातावाने सांगू लागला. तिने भिंग त्याच्यापुढे सरकवलं. थरथर असती तर रेष लगेच खाली आली असती. ही चढली होती आणि वरच राहिली होती. इंजिनिअर म्हणून त्याला ते पटलं, नवरदेव म्हणून मुळीच नाही.

तिच्या मागोमाग तो व्हरांड्यात गेला.

"तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की हो. इतका वेळ काय करत होते मी? पुन्हा पुन्हा मोजले, स्वल्प तरी कमी यावं म्हणून. मग साहेबांकडून मोजवून घेतले, माझीच चूक निघावी म्हणून. त्यांचंही तेवढंच आलं."

श्रीकांतचा राग कुठल्या कुठे पळाला. इतका वेळ आपण एकटेच परीक्षेला बसलोय असं त्याला वाटत होतं, याची त्याला मनापासून लाज वाटली. टोकं झटकन दूर ओढणारी स्प्रिंग कमजोर पडली असणार, नवी बसवून लवकरच परत येतो, असं तो म्हणाला.

"सरी," असा कानडी होकार देत तिने डोळे पुसले. "लवकर या. पण तेव्हाही मीच मोजणार."