दाराजवळची जागा

आमच्या ह्यांना कुठंही न्या, पहिला प्रश्न ठरलेला: "दार कुठंय?" लग्नाचं कार्यालय असो की डॉक्टरांचा दवाखाना, वसंतराव दाराजवळच बसणार. तिथं जागा नसेल, तर बाहेर उभे राहणार.

भूकंप झाला तेव्हा ते किल्लारीकडच्या एका गावात मास्तर होते. गणपती बोळवून उशिरा आले, बहिणीची झोपमोड नको म्हणून उंबऱ्याशीच आडवे झाले, म्हणून वाचले. आत दगडमातीच्या धाब्याखाली बहीण गेली. तेव्हापासून त्यांची झोप अशी की रस्त्यावरून ट्रक गेला तरी उठून बसतात. मी त्यांना खूप चिडवते, पण ती सवय सोडवायच्या भानगडीत कधी पडले नाही.

पुढं लातूर क्लासेसचं गाव झालं. बाकीचे बाप निकालाचे बोर्ड वाचत होते, आमचे हे जिने बघत होते! आमच्या मालविकाला सगळ्यात नावाजलेल्या क्लासला प्रवेश मिळाला होता. पण क्लास तिसऱ्या मजल्यावर आणि जिना एकच, म्हणून ह्यांनी तिला तळमजल्यावरच्या एका साध्या क्लासला घातलं. पोरगी आठवडाभर बोलली नाही. मीही चिडले होते.

तीच पोरगी आर्किटेक्ट झाली, आणि लातुरात नव्या लॉ कॉलेजची इमारत तिच्याकडं आली. दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेलं हे गाव, म्हणून तिनं इमारतीतल्या उघड्या चौकाखाली पावसाच्या पाण्याची टाकी केली. भिंतींना ऊन लागू नये म्हणून चहूबाजूंनी रुंद व्हरांडे, दिवसा दिवा लावावा लागू नये अशा उंच खिडक्या. एसी कुठंच नाही. फक्त दारं फार. संस्थेचे अध्यक्ष शिवप्पा वैतागले, "मॅडम, एवढी दारं कशाला ओ? पोरं तास बुडवून पळतीन की!"

"वारा खेळायला लागतात, काका," एवढंच ती म्हणाली.

उद्घाटन मूट कोर्टाच्या दालनात होतं. मूट कोर्ट म्हणजे जिथं पोरं खोटे खटले लढवून वकिली शिकतात ती जागा. मालविकाचं एकच मागणं होतं: बाबांनी आत, पुढं बसावं. ह्यांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "मी चौकात थांबतो. तिथूनबी दिसतंय."

पण आले. उंबऱ्यापाशी थांबले. मालविकानं हात धरला.

"दार कुठंय?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"बघा ना."

त्यांनी पाहिलं. प्रत्येक रांगेच्या दोन्ही टोकांना दार होतं, बाहेर उघडणारं, थेट चौकात. ते हळूहळू पुढं गेले. अगदी पहिल्या रांगेलाही होतं. एक दार त्यांनी ढकलून पाहिलं, ते अलगद उघडलं.

"एवढी दारं?" ते म्हणाले.

"बाबा, तुम्हाला कुठं बसवायचं, इथूनच मी नकाशा सुरू केला."

ह्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला हसू येत होतं आणि रडूही. मग ते पहिल्या रांगेत बसले. दाराजवळ नव्हे, मधोमध.

शिवप्पांचं भाषण लांबलं. चौकातून गार वारा येत होता. टाळ्या कडाडल्या, मी शेजारी पाहिलं, तर वसंतराव मान टाकून घोरत होते. मागचे लोक हसले. एरवी मी कोपर मारलं असतं. आज नाही मारलं.