आजीवन सांभाळ

"सही घेण्याआधी एकदा विचारते," नोटरी जम्पिरा म्हणाली. "दोघींच्या मर्जीनं चाललंय ना हे?"

"माझ्या तरी," झिनाइदा येगोरोव्ना म्हणाली. बुरुलचा खिडकीबाहेर बघत राहिली.

अकरा वर्षांपूर्वी, सोव्हिएत राज्य असताना, याच काराकोल शहरात दोघींचा करार झाला होता. मूलबाळ नसलेल्या झिनाइदानं आपलं घर शेजारच्या बुरुलचाच्या नावावर करायचं आणि बुरुलचानं तिला मरेपर्यंत सांभाळायचं. जेवण, अंघोळ, सरपण, औषधपाणी. शिवणकामाच्या कारखान्यातून सुटली की बुरुलचा तडक तिकडे जाई. पुढे देश बदलला, कारखाना बंद पडला. सांभाळ चालूच राहिला. मग नवी दिवाणी संहिता आली. दोन्ही बाजू कबूल असतील तर सांभाळण्याऐवजी दरमहा रक्कम द्यायची सोय झाली.

"आई, गुडघे बघ तुझे," बुरुलचाचा मुलगा एर्मेक म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून पडलीस. पैसे मी भरीन. झिना आपा एखादी मुलगी कामाला ठेवतील."

"तुला कुणी सांगितलं रे हे कायदे उकरायला?"

"मी सांगितलं," झिनाइदा म्हणाली. "रेडिओवर ऐकलं आणि त्याला बोलावून घेतलं."

बुरुलचा तिच्याकडे वळली. "माझ्या हातचं आवडेनासं झालं वाटतं तुम्हाला, झिना आपा?"

"तुझ्या हातचं मीठ पहिल्यापासूनच जास्त. ते नाही गं. मी पडले तर तू उचलशील. तू अंगणात पडलीस तर मी काय करू? खिडकीतून बघत बसू?"

"आपा, सोय आहे, सक्ती नाही," जम्पिरा बुरुलचाला म्हणाली. "नको असेल तर कागद फाडून टाकते."

बुरुलचानं डोक्याला बांधलेल्या रुमालाच्या टोकात हात गुंडाळला. "करार होता म्हणून मी अंघोळ घालत होते, असं वाटतं तुम्हाला?"

झिनाइदा म्हणाली, "पहिल्या वर्षी वाटायचं."

बुरुलचानं सही केली.

पुढच्या आठवड्यात ती बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, घेऊन झिनाइदाकडे निघाली. इतकी वर्षं ती मागच्या दारानं, हाकही न मारता आत शिरत असे. त्या दिवशी पुढून गेली आणि दार वाजवलं. कागदोपत्री घर तिचंच होतं. एका अनोळखी मुलीनं दार उघडून नाव विचारलं.

"पाहुणी आहे," आतून झिनाइदाचा आवाज आला. "बसव तिला."

मुलीनं चहा ओतला, मुरंब्याची वाटी पुढे सरकवली आणि झिनाइदाचे केस विंचरायला घेतले. भांग उजवीकडून पाडला. झिनाइदा डावीकडून पाडत असे. तिनं मान तशीच पुढे धरली.  कपाभोवती दोन्ही हात धरून बुरुलचा चहा निवेपर्यंत बसून राहिली.