नावेचं प्रकरण

रायगोंडा चौगुले यांनी चाळिशी ओलांडल्यावर पीएच.डी. करायचं मनावर घेतलं, तेव्हा सांगलीच्या कचेरीत सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. संस्थानच्या नोकरीतल्या माणसानं बढतीच्या मागं लागावं, नाहीतर मळ्यात ऊस लावावा. या वयात प्रबंध लिहायचं हे खूळ कुठलं? त्यांच्या पत्नी त्रिशलाबाईंनी मात्र एवढीच अट घातली, की अभ्यास कितीही करा, पण दिवस बुडायच्या आत ताटावर या.

विषय त्यांनी आपल्या कामातलाच घेतला होता. कृष्णेच्या अलीकडची भोकरवाडी सांगली संस्थानात, तर पलीकडचं सावळपूर इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. चोर पोहून पलीकडं गेला की सुटला आणि चुकलेली म्हैस पलीकडं सापडली की तिचा खटला व्हायचा. एका नदीवर दोन सरकारं असली की लोकांचे हाल होतात आणि एकच सरकार आलं तर सगळं सुरळीत होईल, असा रायगोंडांचा सिद्धांत होता. पुण्याचे त्यांचे प्राध्यापक त्यावर खूश होते.

पण प्रबंध पुरा व्हायच्या आतच स्वराज्य आलं आणि मागोमाग संस्थानं विलीन झाली. दक्षिण सातारा म्हणून नवा जिल्हा झाला. रायगोंडांना प्रांतसाहेब हंबीररावांच्या हाताखाली अव्वल कारकुनाची जागा मिळाली. प्रबंधात जे मागितलं ते सरकारनं न वाचताच देऊन टाकलं, म्हणून मित्र चेष्टा करू लागले. रायगोंडाही खुशीत होते. आता शेवटी एखादं ताजं उदाहरण जोडलं की झालं.

तेवढ्यात भोकरवाडीची तक्रार आली, की नदीवरची नाव बंद आहे. चौकशीला रायगोंडाच गेले. पाहतात तर नाव वाळूत पालथी, आणि तिच्या सावलीत बिराप्पा नावाडी दोर वळत बसलेला. शेजारी चंद्राबाई नावाची म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. तिची लेक पलीकडं सावळपुरात बाळंतीण होती.

बिराप्पानं सगळं सांगितलं. पूर्वी दोन्ही गावचे पंच पाराखाली बसून नावाडी ठरवायचे आणि सुगीला त्याला खळ्यावरून जोंधळा द्यायचे. दोन्ही सरकारांना वाटायचं, नाव दुसऱ्याच्या ताब्यात आहे, म्हणून कुणीच बोट घालत नसे. आता सरकार एक झालं, तेव्हा नावेला परवाना लागू झाला. परवाना मुंबईहून येईपर्यंत नाव पाण्यात घालायची नाही, अशी नोटीस बाभळीला डकवली होती.

"मग आवं, आमी पलीकडं जायचं कवा?" चंद्राबाईनं विचारलं.

 रायगोंडांनी तिचं नाव टिपून घेतलं आणि परत फिरले. ज्या सिद्धांतावर एवढी वर्षं घातली, तो त्या वाळूत पालथा पडला होता. प्राध्यापकांना भेटले, तर त्यांनी समजूत घातली, की मुदत जवळ आली आहे, आहे तसं देऊन टाका. परीक्षक काही भोकरवाडीला यायचे नाहीत. त्रिशलाबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "खोटं लिहून पास व्हायचं असतं, तर कवाच झाला असता. एवढी वर्षं कशाला घालवली मग?"

रायगोंडांनी शेवटचं प्रकरण नव्यानं लिहिलं. सरकारं किती यापेक्षा, निर्णय घेणारा माणूस नदीपासून किती लांब बसतो ते महत्त्वाचं, असं मांडलं. नावाडी गावांनी नेमावा, सरकारनं फक्त नाव धड आहे का ते बघावं, असंही सुचवलं. पण सरकारी नोकराला प्रबंध द्यायला साहेबाची परवानगी लागे. हंबीरराव लष्करातून आलेले, इटलीची लढाई पाहिलेले. त्यांनी ते प्रकरण वाचून बाजूला सारलं. "चौगुले, सरकारचं मीठ खाता आणि सरकारच आळणी म्हणता?" एवढंच म्हणाले.

पुढं आठवडाभरात सावळपुरात शाळेचं उद्घाटन निघालं. साहेब आणि रायगोंडा दौऱ्यावरून परस्पर निघाले; सांगलीच्या पुलावरून पलीकडं जायचं, पण वाटेत भोकरवाडीजवळच जीप बंद पडली. पलीकडच्या काठावर वाजंत्री आणि हार घेतलेली माणसं दिसत होती. हंबीररावांनी नाव काढायला सांगितलं. बिराप्पानं हात जोडून बाभळीकडं बोट केलं. नोटिशीखाली हंबीररावांचीच सही होती.

शेवटी कुणीतरी गुऱ्हाळावरची गूळ कढवायची काहील लोटत आणली. हंबीरराव आणि रायगोंडा तीत बसले आणि बिराप्पा पोहत काहील ढकलू लागला. काहीलच ती, सरळ कुठली जाते! भर पात्रात गरागरा फिरली. साहेबांची हॅट वाहून गेली, आणि काठाला लागताना दोघंही कमरेपर्यंत भिजले. साहेबांनी तसंच ओलेत्यानं भाषण केलं.

 परत फिरताना ते म्हणाले, "इटलीत गोळ्या चालू असताना आम्ही नद्या ओलांडल्या. पूल कुठं टाकायचा ते नदीवरचा सुभेदार ठरवायचा. दिल्लीला कोण विचारत बसलं होतं? तुमचं ते प्रकरण द्या परत." दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. कायम परवाना येईतो नाव दोन्ही गावच्या पंचांनी चालवावी, असा तात्पुरता हुकूमही निघाला. नाव पाण्यात पडताच चंद्राबाई पहिल्याच खेपेला बसून गेली.

तोंडी परीक्षेत मुंबईच्या परीक्षकांनी रायगोंडांना विचारलं, की स्वतःचाच सिद्धांत खोडून काढताना वाईट नाही वाटलं? वाटलं, असं ते म्हणाले. नव्या प्रकरणातही कुठं चूक निघाली तर पुन्हा वाटेल, आणि पुन्हा लिहावं लागेल, असंही म्हणाले. परीक्षकांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पुढचे प्रश्न सोडून चहा मागवला.

पदवी मिळाली, त्याच सुमाराला खंडाळ्याला बदली झाली. तिथं दोन वाड्यांचा गायरानावरून तंटा चालू आहे, हे रायगोंडांना रुजू व्हायच्या आधीच कळलं होतं. त्रिशलाबाईंनी भांडी बांधायला घेतली, तर रायगोंडा पलीकडच्या खोलीत कोऱ्या कागदांचा गठ्ठा ट्रंकेत ठेवत होते.