पदरात मावतील तेवढ्या गाठी

सोमवारी सकाळी साडेसातला मी जळगावात, पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर घेऊन उभी होते. हेल्मेट घातलेलं, किल्ली फिरवलेली, आणि डावीकडे वळायचं की उजवीकडे हे ठरत नव्हतं. डावीकडे माझ्या मुलीची, भाविकाची शाळा, तिथे तिचा घरी विसरलेला डबा द्यायचा होता. उजवीकडे सासूबाईंच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणायचा होता. सव्वाआठला मला मी शिकवते त्या शाळेत सही करायची होती. पर्समधल्या वहीत त्या दिवसाची एकोणीस कामं लिहिलेली होती, प्रत्येकापुढे वेळ. पहिली तीन अजून झाली नव्हती. मी वही काढून पुन्हा वाचली, वाचल्याने एखादं कमी होईल अशा आशेने.

हे हल्ली रोजचं झालं होतं. पाच मिनिटं, कधी दहा, मी तिथे नुसती उभी राहायचे.

तेवढ्यात आईचा फोन आला.

“च्या लिधा का व?”

“घेतला. बोल.”

“गाडीवर शेस का?”

“नाही, शाळेत पोचले. परिपाठ सुरू होतोय.”

समोरून भंगारवाला ओरडत गेला. ते तिला ऐकू गेलं असणार.

“बठ्ठं ठीक शे ना?”

“हो गं. सगळं ठीक. तुझ्या किती आज?”

“तीन. तुन्या कितल्या?”

“एकोणीस.”

“एकोनीस! इतला पदर तं बाजारमा बी भेटत नही.” ती हसली. मीही हसल्यासारखं केलं आणि फोन ठेवला.

आई शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात शाळेची खिचडी शिजवायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून दिवसाची कामं ती पदराच्या टोकाला गाठी मारून लक्षात ठेवायची. एका कामाची एक गाठ. काम झालं की गाठ सोडायची. तीनच्या वर कधीच नाही, कारण चौथी मारली की पदर आखूड होतो आणि डोक्यावर राहत नाही. एवढंच कारण ती सांगायची. चौथं काम घेऊन कुणी आलं तर ती पदर पुढे करून दाखवायची आणि म्हणायची, जागा नही शे, उद्या ये. येणाऱ्याला राग यायचा नाही. मी लहानपणी तिच्या मांडीवर बसून त्या गाठी चाचपायचे आणि कोणती कशाची ते ओळखायचे. ओळखू यायचं नाही. सगळ्या सारख्याच असायच्या.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला ओट्यावर तांदूळ निवडता निवडता ती भिंतीला टेकली. नानांना, माझ्या वडिलांना, वाटलं डुलकी लागली. त्यांनी पाऊण तासाने हाक मारली.

मी वाचणारी बाई आहे. माणूस गेल्यावर काय होतं याविषयी मी बरंच वाचलं होतं. त्यात मंडपवाल्याचा फोन नव्हता. दाखल्यासाठी आधार कार्डाच्या दोन प्रती लागतात, धुळ्याला फोटो मोठा करून फ्रेम करायला एक दिवस जातो, मुक्ताईनगरच्या नातेवाइकांना आधी कळवलं नाही तर ते रुसतात, हेही नव्हतं. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम रविवारी ठरला. मी वही उघडली आणि लिहायला लागले. चौतीस कामं झाली. खरं सांगायचं तर बरं वाटलं. वही हातात असताना कुणी माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हतं.

सत्तावीस नंबरला ‘आईची साडी धुणे’ असं होतं. अंघोळ घालून तिला पांढरं नेसवलं तेव्हा अंगावरची हिरवी साडी मावशीने गुंडाळून माझ्या हातात दिली होती. बुधवारी मी ती बादलीत बुडवायला गेले आणि पदराचं टोक हाताला लागलं. तीन गाठी.

मी साडी बाजूला ठेवली. बादली ओतून दिली.

एक गाठ त्याच संध्याकाळी कळली. गिरणीवाला हिलाल दारात येऊन उभा राहिला. “ताई, बाईंचा ज्वारीचा डबा सोमवारपासून पडेल शे. दळू का?” मी मानेनेच हो म्हटलं. डबा घरी आला तेव्हा पीठ अजून गरम होतं. आत जाऊन मी पहिली गाठ सोडली.

दुसरीबद्दल नानांना विचारलं. ते खाटेवर बसून होते, तीन दिवसांत पंधरा-वीस शब्द बोलले असतील.

“एक मनीच ऱ्हाई,” ते म्हणाले. “रोज एक मनी ऱ्हायेच. चष्मानी दांडी मोडेल शे ना.”

“तुमची? चष्म्याची होती का मग?”

“नही तं शेळीनी दवाई.” त्यांनी मोडकी दांडी चाचपली. “नही तं मनासंगे भांडानं बाकी व्हई.”

आम्ही दोघं हसलो आणि मग ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मी चष्मा दुरुस्त करून आणला, शेळीचं औषध आणलं. गाठ सोडली नाही. कुणाच्या सांगण्यावरून सोडायची?

लोक येत होते आणि जाताना माझं कौतुक करून जात होते. मृणाली आहे म्हणून निभावलं. मृणालीसारखी पोर पाहिजे. आईसुद्धा आयुष्यभर हेच सांगत फिरली, मनी पोर बठ्ठं करस. तिने चुलीच्या धुरात दोनशे पोरांची खिचडी ढवळून मला डीएड केलं. मग मी पंख्याखाली, खुर्चीत बसून, महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते की सकाळी गल्लीच्या तोंडाशी माझे पाय उचलत नाहीत? रात्री वहीतली उरलेली कामं उद्याच्या पानावर उतरवताना मला रडू येतं, हे सांगायचं कसं? तिच्याजवळ तक्रार करायला मला लाज वाटायची. म्हणून सहा वर्षं मी रोज सकाळी तिला खोटं सांगितलं. तिने ते खरं धरलं असं मी धरून चालले होते.

रविवारी मंडप भरला. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी आईचा फोटो होता. फोटोतही पदर डोक्यावर होता. बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील दिलं. मग माझा चुलतभाऊ बुद्धभूषण माईकवर आला. बोलणाऱ्यांची यादी मीच त्याला करून दिली होती, बारा नावं, प्रत्येकाला तीन मिनिटं. त्यात माझं नाव नव्हतं. माझ्याकडे शेवटचं आभारप्रदर्शन होतं, वहीतला चौतिसावा नंबर. आभार मानताना रडू येत नाही, नावं वाचायची असतात, म्हणून मी ते घेतलं होतं.

मुख्याध्यापक बोलले. सरपंच बोलले, तीन मिनिटांची दहा केली. आईबरोबर खिचडी शिजवणारी भुरीबाई माईक धरून नुसती उभी राहिली आणि परत जाऊन बसली. मी प्रत्येक नावापुढे खूण करत होते.

यादी संपल्यावर सुंदरबाई मावशी उठली. तिचं नाव यादीत नव्हतं. आईची धाकटी बहीण, दोन घरं सोडून राहणारी, आईला बेबाक्का म्हणणारी. चारचौघांत कधी न बोललेली. बुद्धभूषणने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मावशीने माईक तोंडाला जवळजवळ चिकटवला. “माले बोलता येत नही,” ती म्हणाली. मंडपात थोडं हसू उठलं. “एकच सांगस. सोमवारी दुपारी बेबाक्का मनाकडे उनी. म्हने, पोरगी बठ्ठं ठीक शे म्हनस, पन ती ठीक नही शे. म्हने, शाळामा शे सांगस आनि मांगे भंगारवाला वरडस. म्हने, सहा वरीस व्हई गयात, मी वाट देखी ऱ्हायनी, कवय सांगी. आते गुरुवारले मीच जास जळगावले.” मावशीने पदराने नाक पुसलं. “मी सांगं, फोन तं कर तिले. तं म्हने, नको व माय, आधी सांगं तं ती घर आवरत बसी. आनि तठेच मनासमोर पदरले गाठ मारी तिनी. इतलंच.”

ती जाऊन बसली. लोकांना ते आवडलं. कुणीतरी म्हणालं, आईची माया असते बाबा.

गुरुवारी मी काय करत होते ते मला आठवलं. धुळ्याला फ्रेमवाल्याकडे बसले होते. आई असती तर त्या दिवशी ती साडेनऊच्या एसटीने निघाली असती, पिशवीत भाकरीचं पीठ घेऊन, आणि माझ्या दारात उभी राहिली असती. मी घाईघाईने खुर्चीवरचे कपडे उचलले असते. सगळं ठीक आहे असं सांगितलं असतं. तिने मला खाली बसवलं असतं की नाही, मला माहीत नाही. सहा वर्षं तिने मला वेळ दिला होता आणि तिच्या तीन गाठींतली एक माझी होती, एवढंच आता कळलं होतं.

“आता आभार मृणालीताई मानतील,” बुद्धभूषण म्हणाला.

मी वही घेऊन उठले. पानावर मंडपवाल्याचं नाव होतं, बौद्धाचार्यांचं होतं, पाण्याचे जार पाठवणाऱ्याचं होतं. नाना पहिल्या ओळीत बसले होते, नवीन दांडीच्या चष्म्यातून माझ्याकडे बघत. मी सुरुवात केली, दोन नावं वाचली. तिसऱ्या नावाशी थांबले आणि वही मिटली. लोक वाट बघत होते. मी फोटोकडे वळले. माईक हातातच राहिला, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

“माय,” मी म्हणाले, “मी शाळामा नव्हतू. रस्तावर उभी व्हतू. माले जमत नही, माय. कवयनंच जमत नही.”