दाराआडचं गुणगुणणं

चिमणी चौतिसाव्या वर्षीही चिमणीच होती, आणि बाथरूमचं दार पुरतं लावून घ्यायची तिला परवानगी नव्हती. दाराच्या फटीत आई प्लॅस्टिकचं स्टूल अडकवून ठेवायची. मागे एकदा अंघोळ करताना चिमणीला फिट आली होती, नळावर कपाळ आपटलं होतं. तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

त्यात भर पडली संगीताची. शास्त्रीय संगीताने फिटच्या माणसाचा मेंदू शांत होतो, असं आईच्या कानावर कुठूनसं आलं. झालं! दोन पियानोंची एक लांबलचक रचना घरात सकाळ-संध्याकाळ वाजू लागली. गोळ्या चालूच होत्या, पण आईचा भरवसा पियानोवर. पुढे तिने नियमच काढला: अंघोळ करताना चिमणीने त्या सुरांबरोबर गुणगुणायचं. गुणगुणणं ऐकू येतंय तोवर पोरगी शुद्धीवर आहे. जरा थांबलं की बाहेरून हाक यायची, "चिमणे?" तोंडात साबणाचा फेस गेला तरी "हूं हूं" करावंच लागे. चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी, भल्याभल्या तिरसट गिऱ्हाइकांना सरळ करणारी ही बाई, घरात मात्र अंघोळीची हजेरी देत होती. त्या पियानोचा तिला मनापासून वीट आला होता. पण काळजीने वाळून गेलेल्या आईला हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

मग डॉक्टरीणबाईंनी ईईजी काढायला सांगितला. आधी शांततेत, मग पियानो ऐकवून मेंदूचा आलेख घ्यायचा, असा त्यांचा अभ्यास चालला होता. चिमणीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. संगीताचा उपयोग शून्य निघू दे, की सुटलेच! मग आईला स्पष्ट सांगायचं, ते बंद कर आणि मला दार लावून घेऊ दे.

तंत्रज्ञबाईंनी तिच्या केसांत चिकट मलम थापून डोकंभर वायरी लावल्या, कानांवर हेडफोन चढवला. शांततेतला आलेख झाला. पियानो सुरू झाला आणि बाई ओरडल्या, "अहो, गुणगुणू नका! जबडा हलला की आलेखाची नुसती गिचमीड होते."

"मी कुठे गुणगुणतेय?" चिमणी म्हणाली.

पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिचं तोंड तिच्या ताब्यात राहिलंच नव्हतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आई कौतुकाने मान डोलवत होती. बाईंनी तिलाच बाहेर पाठवलं. दार किलकिलं ठेवायच्या अटीवर ती गेली.

तिसऱ्यांदा चिमणीने ओठ सैल सोडले आणि नुसतं ऐकलं. एक पियानो काही म्हणायचा, दुसरा मध्येच त्याचं बोलणं तोडायचा, जशा दोघी बहिणी चादरीची घडी घालताना भांडतात. छान होतं ते. इतके दिवस हे आपल्याला कुणी ऐकूच दिलं नाही, याचा तिला भयंकर राग आला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. "आवाज बंद झाला हिचा! फिट आली पोरीला!" आईने धावत येऊन हेडफोन ओढला, त्याबरोबर चार वायरीही निघाल्या. "अहो आजी!" तंत्रज्ञबाई किंचाळल्या. चिमणी डोळे उघडून आईकडे बघत राहिली. आई तिचे गाल चाचपून बघत होती.

सुदैवाने तोवरचा आलेख पुरेसा होता. "पियानोच्या वेळी फिटच्या खुणा थोड्या कमी झाल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं असं होत नाही. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत हं." आईचा चेहरा उजळला, चिमणीचा पडला. तिचा स्वतःचा मेंदूच फितूर झाला होता.

"गुणगुणायलाच हवं का?" तिने विचारलं.

"छे! नुसतं ऐका."

"आणि बाथरूमचं दार?"

"कडी नको. दार लोटून घ्या, जवळपास कुणीतरी असू द्या."

"ऐकलंस ना, आई? हाका मारायच्या नाहीत."

आई "बरं" म्हणाली. ते "बरं" अगदी एवढंसं होतं.

दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच स्टूल उचलून नेलं. चिमणीने दार पूर्ण लोटलं. किती दिवसांनी! बाहेर पियानो वाजत होता. तिने ओठ मिटून घेतले आणि पाण्याचा तांब्या उचलला. मग तिची नजर दाराखालच्या फटीकडे गेली. तिथे आईची पावलं होती, बोटं आत मुडपलेली, उंबऱ्याला चिकटून. हाक आली नाही. आईने शब्द पाळला होता. पावलं मात्र जागची हलत नव्हती, आई जणू श्वास रोखून उभी होती.

चिमणीने पाठ फिरवली. खसाखसा साबण लावला. पुन्हा वळून बघितलं.

मग कुणी न सांगताच ती गुणगुणू लागली. दाराखालची बोटं हळूहळू सैल झाली. पावलं गेली नाहीत.