आधी राम राम

मी भोंगा बोलतोय. खरंच बोलतोय, कारण ओरडायचं असतं तेव्हा मी कुणाची परवानगी घेत बसत नाही. पुढे पितळी तोंड, मागे काळ्या रबराचा फुगा, आणि बसायची जागा मनोहरलालजींच्या सायकलीच्या हँडलवर, उजव्या मुठीजवळ. स्वभावाने मी तापट. मालकही तापट. म्हणून तर आमचं जमलं.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते गोंदियातलं मुन्नालालचं सायकलचं दुकान. तिथे मी सुतळीला लटकलेला असायचो. शेजारच्या चकचकीत घंट्या पटापट विकल्या जायच्या. मला मात्र येणारा-जाणारा एकदा दाबून बघायचा, हसायचा आणि हात झटकून पुढे जायचा. असली फुकटची गंमत मला अजिबात खपत नसे.

एके दिवशी गळ्यात दुपट्टा टाकलेला एक उंच म्हातारा आला. म्हणाला, "घंटी आयकतच नाई कोनी. गाडीवाले काचा बंद करून गाने आयकत राह्यतात."

मुन्नालालने मला खाली काढलं. "ये लीजिए चाचाजी. ट्रकवाला भी पलट के देखेगा."

म्हाताऱ्याने मला असं काही दाबलं, की दुकानासमोर झोपलेला कुत्रा उठून पळाला. म्हातारा पोट धरून हसला. त्या दिवशी मी मनोहरलालजींचा झालो.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या अलीकडे. भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मध्ये तलाव. शेती आता मुलगा बघतो. मनोहरलालजी पायी निघाले की गुडघे बोलायला लागतात, सायकलवर बसले की तेच गुडघे गप्प होतात. त्यामुळे सायकल हेच त्यांचे पाय. बाजाराच्या दिवशी हँडलला पिशवी अडकवायची, तीत लाखोळीची भाजी नाहीतर वांगी भरायची, आणि अर्जुनीला लेकीकडे, ओमेश्वरीकडे, जाऊन यायचं. त्या दिवशी सकाळपासून ते गुणगुणत असतात.

आता रस्त्याचं सांगतो. गाडीवाली माणसं मला कधी कळलीच नाहीत. घाईघाईने आपल्याला ओलांडतात आणि लगेच आपल्याच पुढ्यात वळतात. उभ्या गाडीचं दार असं उघडतात, जणू बाहेर त्यांचं अंगण आहे. एक जण तर फोनवर बोलताना आमच्याकडे बघून मान डोलावून गेला आणि तरीही आम्हाला खडीवर ढकलून गेला! अशा वेळी मालक मला दाबून धरायचे, मी लांबलचक "पोंऽऽऽ" करायचो आणि आम्ही दोघं पाठलाग करायचो. सायकलने गाडी कशी गाठणार, असं वाटेल तुम्हाला. पण अर्जुनीच्या वाटेवर रेल्वेचं फाटक आहे. ते पडलं की गाड्या आपोआप हाती लागतात. मग काचेवर टकटक, आणि मालकांच्या तोंडाचा पट्टा सुरू. मला त्यात फार मजा यायची.

याच मजेने एकदा घात केला.

एका पांढऱ्या गाडीने आम्हाला नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर अगदी कडेला दाबलं. चाक मुरमात रुतलं, पिशवीतली वांगी रस्त्यावर घरंगळली. फाटक पडलेलंच होतं. आम्ही पोचलो. मालकांनी काच बडवली. "निघ बाहेर! तुह्या बापानं गाडी घेऊन देली, तं रस्ताबी घेऊन देला काय?"

काच हळूच खाली गेली. स्टिअरिंगला दोन्ही हातांनी मिठी मारून, घामाने डबडबलेले छोटेलालजी बसले होते. छोटेलालजी म्हणजे ओमेश्वरीचे सासरे. आमचे व्याही!

"राम राम, समधीजी," ते म्हणाले. "बाप तं माहे केव्हाचेच गेले. गाडी मीच घेतली. अजून शिकून राहिलो."

मालकांचा हात माझ्यावर होता, तो जरा आवळला गेला आणि माझ्या तोंडून एवढासा "पीं" निघाला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बातमी आमच्या आधी घरी पोचली. रामबाई, म्हणजे मालकीणबाई, दारातच उभ्या होत्या. "लेकीच्या सासऱ्याले? अन् तेबी भर फाटकावर? बापाचं नाव काढून?" मालक खाली मान घालून पाय धूत राहिले. "आयकून घ्या. अजून एकडाव रस्त्यावर कोनाशी भांडले ना तुमी, तं सायकल आड्याले टांगून देईन. मंग बसा ओसरीत."

रामबाई बोलतात ते करतात. मागे मुलाचा मोबाइल त्यांनी असाच धानाच्या कोठीत टाकला होता. त्या रात्री मालक नीट जेवले नाहीत. सायकल वर गेली की आपण खाटेवर गेलो, हे त्यांना ठाऊक होतं. मीही घाबरलो. आढ्यावर टांगलेल्या भोंग्याला कोण दाबणार?

पुढच्या बाजाराला ओमेश्वरीने वडिलांसमोर चहा ठेवला आणि आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाली, "बाबूजी, काचेमागं कोन बसला हाये, हे बाहेरून दिसते काय? मंग पयले राम राम करा. समोरच्यानं राम राम घेतला, का मंग जे बोलाचं ते बोला."

"अन् त्यानं नाईच घेतला तं?"

"आपल्या इकडं राम राम कोन टाकून देते?"

तिचं खरं होतं. आमच्याकडे माणूस भांडण टाळेल, उधारी टाळेल, पण कानावर पडलेला राम राम परत केल्याशिवाय पुढे जाणार नाही. मला मात्र हा सल्ला मुळीच आवडला नाही. माझ्या लांब "पोंऽऽऽ"चं आता काय होणार? मालकांनी त्यावरही तोड काढली. मला दोनदा थोडं थोडं दाबायचं, पों-पों, की झाला राम राम. मी बरेच दिवस रुसून होतो.

पण गंमत सुरू झाली. अर्जुनीच्या बस स्टँडजवळ एकाने आमच्या तोंडावर गाडीचं दार उघडलं. मालकांनी करकचून ब्रेक लावला, दात आवळले आणि म्हणाले, "राम राम!" तो माणूस हात जोडून खालीच उतरला. "राम राम काकाजी. माफ करा, ओळखलं नाई. कोन्या गावचे?" गाव निघालं, गावातून नातं निघालं, आणि दार बघून उघडावं हे सांगायची वेळ आली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "मी मागं पाह्यलंच नाई ना." मालक परत येताना शीळ घालत होते.

खरी परीक्षा रोवणीच्या दिवसांत झाली. रस्त्यालगतच्या बांधीत गावातल्या बाया धान रोवत होत्या, आणि त्यांच्या म्होरक्या मंगलीबाई. आम्ही कडेने निघालो होतो. एक पिकअप मागून आली, आमच्या बरोबरीला आली आणि ना लाइट, ना हात, सरळ डावीकडे वळली. मालकांनी हँडल फिरवलं आणि आम्ही सगळे, मालक, सायकल आणि मी, थेट बांधीच्या चिखलात.

बायांचे हात थांबले. मालक उठून उभे राहिले. लागलं नव्हतं कुठे, पण मिशीपासून पायापर्यंत चिखलच चिखल. पिकअपचा ड्रायव्हर भूपेंद्र धावत आला. स्वच्छ पांढरा शर्ट, आणि चेहरा त्याहून पांढरा. पळून जाऊ शकला असता, पण नाही गेला. मी मालकांकडे पाहत होतो. त्यांना शिव्या आठवत होत्या की रामबाई, मला कळेना. मी ठरवलं, मालक नाही बोलले तर आपण बोलायचं. लांब, जोरात, सगळ्या जन्माचं साठलेलं!

"राम राम," मालक दातांतून म्हणाले, आणि सवयीने त्यांनी मला दाबलं.

माझ्या पोटात गच्च चिखल भरला होता. आवाज आलाच नाही. आली ती पिचकारी, आणि ती भूपेंद्रच्या पांढऱ्या शर्टावर.

मग मंगलीबाई जी हसत सुटली, ती बांधीतच बसली. तिच्या मागे सगळ्या बाया. भूपेंद्रने शर्टाकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि तोही हसायला लागला. "राम राम, काकाजी," तो म्हणाला. "फिटलं आता."

"नाई फिटलं," मालक म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. "आता आयक. वळाच्या पयले लाइट लावाची. मी तुह्या बाजूनंच होतो."

"मागून येत होतो मी. तुमी दिसलेच नाई. तुमच्या सायकलीले मागं लालबी नाई काई."

हे मात्र खरं होतं, आणि मालकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. मग दोघांनी मिळून सायकल नहरात धुतली. भूपेंद्रने हँडल सरळ केलं, गाडीतून लाल रेडियमची पट्टी काढली आणि आमच्या मागच्या मडगार्डवर चिकटवली. मला त्याने पाण्यात बुडवून बुडवून साफ केलं. शत्रूच्या हातचं ते स्नान फार सुखाचं वाटलं, कबूल करतो.

संध्याकाळी रामबाईंनी मंगलीबाईला गाठलं. "भांडले म्हनते लोकं. खरं काय?"

"भांडन? कायचं भांडन! दोघंबी नहरात सायकल धूत होते, भाऊभाऊ असल्यावानी."

रामबाई आत गेल्या. सायकल खालीच राहिली. मालकांनी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आता माझं वय झालंय. रबराला भेगा पडल्यात, त्यावर मालकांनी जुन्या ट्यूबचा तुकडा बांधलाय. आवाज फाटका येतो. पण रस्त्यावर आता आमची ओळख आहे. भूपेंद्रची पिकअप लांबूनच दोनदा हॉर्न देते, वेग कमी करते आणि हातभर जागा सोडून जाते. व्याही छोटेलालजीही गाडी नीट शिकले. फाटकावर भेटले की काच स्वतःहून खाली करतात. सायकलवाल्यांनो, माझ्यासारख्या तापट भोंग्याचं ऐका. चूक झाली तर सांगा, जरूर सांगा, गप्प बसू नका. फक्त आधी राम राम करा.

परवाचंच बघा. रामबाईंना लेकीकडे जायचं होतं, बस चुकली, म्हणून त्या मागे कॅरिअरवर बसल्या. पुलावर एक जीप समोरून अंगावर आली आणि अगदी वीतभर अंतरावर थांबली. मालक काही म्हणायच्या आतच मागून सुरू झालं. "आंधळा झाला काय रे! डोये का घरी ठेवून आला..."

मालकांनी पाय टेकला. मागे न बघता म्हणाले, "अवो, पयले काय?"

रामबाई थबकल्या. पदर सारखा केला. "राम राम, भाऊ!"

"राम राम, काकी," जीपवाला खाली उतरून म्हणाला. "माहीच चूक झाली. लागलं तं नाई?"

मालक हसून म्हणाले, "हं, सांग आता त्याले बाकीचं."

रामबाईंनी जरा विचार केला. "आता आठवतच नाई ना," त्या म्हणाल्या.

मालकांनी मला दोनदा दाबलं आणि आम्ही निघालो. तुम्हालाही तेवढंच. पों-पों.