उतरवलेल्या चाली

वडिलांनी खोडरबराने अख्खी ओळ पुसली, कागदावर फुंकर मारली आणि तीच चाल चार सूर खाली उतरवून पुन्हा लिहायला घेतली. ती चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून आत आली, तसा त्यांनी वहीवर पंजा पालथा घातला.

"कुणासाठी चाललंय एवढं?"

"या चाली बायकांच्या गळ्यातल्या. चेलोवर तशाच घेतल्या तर हात पार वर चढवावा लागतो. जरा खाली आणल्या की सोपं जातं."

"मी कुणासाठी, ते विचारलं."

"आहे एक आळशी." ते हसले. "तुझं काय? वाजवतेस?"

"वेळ कुठंय, बाबा."

दोन वर्षं ती हेच उत्तर देत होती. खरं म्हणजे तिचा डावा अंगठा कामातून गेला होता. वरच्या सुरांसाठी तो तारेवर दाबावा लागतो. दाबला की कोपरापर्यंत कळ जाई. ज्यांनी सहाव्या वर्षी हातात वाद्य दिलं, त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शिवाय आता त्यांना नवी शिष्या मिळाली होती, दातांची डॉक्टर. पोटच्या मुलीसाठी कधी एक सूर सोपा न केलेला माणूस परक्या बाईचे लाड पुरवत होता.

"दातवालीच असणार," ती पुटपुटली आणि कप जरा आपटूनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. खुर्चीत बसल्या बसल्या.

पंधरवड्याने डॉक्टरीणबाई आपली पुस्तकं न्यायला आल्या. तिने वही त्यांच्यापुढे सरकवली.

"ही तुमचीच. घेऊन जा."

त्यांनी चार पानं उलटली. "माझी नाही, ताई. मला सर एक सूर खाली आणू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तुमचा अंगठा धडधाकट आहे ना, मग चढा वर!"

त्या गेल्यावर ती दार लावून वही घेऊन बसली. सुरांच्या डोक्यावर पेन्सिलने बोटांचे आकडे घातले होते. एक, दोन, तीन, चार. शेवटच्या पानापर्यंत तिने पाहिलं. अंगठ्याची खूण कुठेच नव्हती.

"दुखतो हो, बाबा," ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. "खूप दुखतो."